मनाच्या डॉक्टरांकडे वरात

रत्नागिरीत करोनाला तोंडावर शिव्या घालणारी व्यक्ती एकच झाली, आणि ती म्हणजे आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. त्यांचा आवाज असा, की दोन मास्क आणि बंद दार ओलांडूनही तो गेटवरच्या वॉचमनला सरळ उभा करी. ऑक्सिजनच्या सिलिंडरलाही त्या दम भरत, "संध्याकाळपर्यंत टिकायचं, समजलं ना?" आणि तो बिचारा टिके. किट चढवण्याआधी आम्हा नर्सना ताकीद असे, "काय रडायचं ते इथेच रडून घ्या गो. आत रडलात तर चष्म्यावर वाफ धरते, शीर दिसत नाही." आम्ही हसायचो, आणि काही जणी खरंच रडून घ्यायच्या.

एके दुपारी ती वेळ माझ्यावरच आली. आदल्या दिवशी माझ्याशी गप्पा मारणाऱ्या पेशंटची खाट रिकामी दिसली आणि मला श्वासच घेता येईना. चादरींच्या खोलीत जाऊन बसले. आपल्याला करोनाच झाला, आता लेकीला कोण बघणार, एवढंच डोक्यात. सिस्टर शोधत आल्या. माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघितला आणि शेजारी चक्क जमिनीवर बसल्या.

"फुप्फुसं ठणठणीत आहेत गो तुझी. ही भीती आहे. मलाही वाटते."

"तुम्हाला?"

"मग? मनाच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे माझी. बीपीची घेते ती लपवते काय? मग हीच कशाला लपवू?"

आणि माझा हात धरून त्यांनी सगळ्या व्हरांड्यातून मानसोपचार विभागाकडे माझी वरातच काढली. कुणी विचारलं, "कुठे चाललात?" की या खणखणीत सांगत, "मन दाखवायला. तुलाही यायचंय?" मी लाजेने अर्धी झाले. पण दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी आपणहून तिकडे गेल्या, पाठोपाठ एक तरुण डॉक्टरही.

औषध घेतलं, रजा घेतली, पोटभर झोपले, आणि पुन्हा किट चढवलं. पुढे त्याच वॉर्डातून दाभोळचे एक म्हातारे खलाशी, ज्यांची आशा घरच्यांनीही सोडली होती, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडले, तेव्हा टाळ्यांनी इमारत दणाणली. "टाळ्या कसल्या वाजवताय? खाटा पुसा!" सिस्टर ओरडल्या, आणि स्वतःच सगळ्यांत जास्त वेळ वाजवत राहिल्या.

आता त्या निवृत्त होऊन हेदवीला असतात. मध्यंतरी भेटायला गेले. अंगणात आमसुलं वाळत होती. उन्हं उतरेपर्यंत आम्ही ओटीवर नुसत्या बसून होतो. जे गेले त्यांतल्या एका-दोघांची नावं त्यांनी हळूच घेतली. मग आमसुलं उचलायला उठत म्हणाल्या, "पण घरीही पुष्कळांना पाठवलं गो आपण."