चौदा बंगले, चौदा गाड्या आणि आमचं एक झबलं

"आधी गाडी घ्या, मग घर बघा," असं आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकानेही गाडीचा हप्ता भरायची तयारी दाखवली नाही. मला विट्याच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली होती आणि तीन आठवड्यांत रुजू व्हायचं होतं. नितीन, म्हणजे माझा नवरा, हिशेबाची कामं घरी बसून करतो. त्याला वीज आणि इंटरनेट एवढं पुरतं. इराला, म्हणजे आमच्या आठ महिन्यांच्या लेकीला, काय पुरतं ते अजून आम्हाला कळायचंय. गाडी दोघांनाही चालवता येत नाही आणि शिकायची हौस नाही. तेव्हा पुण्याहून निघायचं, साताऱ्यापासून विट्यापर्यंत एसटीने उतरत उतरत घरं बघायची आणि चार दिवसांत काय तो निकाल लावायचा, असं ठरलं.

तुम्हीही असेच बाळ घेऊन, बिनगाडीचे निघणार असाल तर एकच सांगते. बाबागाडी घरी ठेवा. एसटीच्या दारात ती उघडतही नाही आणि मिटतही नाही, आणि मागचे लोक आपल्या आईवडिलांचा उद्धार करतात. झोळी घ्या. माझं तिकीट अर्धं, इराचं शून्य आणि नितीनचं पूर्ण, त्यामुळे चारही दिवस तोंड पाडून बसायचं काम त्याच्याकडे होतं.

साताऱ्यात नितीनच्या मावशीकडे उतरलो. मावशीने वरची खोली आधीच झाडून ठेवली होती. "इथंच ऱ्हावा. पोरीला मी बघते, तू जा-ये कर," ती म्हणाली. मोह झाला. पण सातारा ते विटा एका बाजूला अडीच तास धरा, म्हणजे इरा उठायच्या आत मी घराबाहेर आणि ती झोपल्यावर घरात. मावशीला हे पटलं, आवडलं नाही. कंदी पेढ्यांचा पुडा तिने जरा आपटूनच हातात दिला.

कराडला दुसऱ्या दिवशी तीन घरं बघितली. तिन्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि जिने असे की बाळ आणि भाजी एका वेळी वर नेणं अशक्य. एका घरमालकाने विचारलं, "गाडी कुठं लावणार?" गाडी नाही म्हटल्यावर त्याने नितीनकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हंजे ब्यांकेनं वडून न्हेली का काय?" तरी संध्याकाळी संगमावर बसलो तेव्हा इरा पाण्याकडे बघून इतकी हसली की कराड आम्ही राखीव म्हणून ठेवलं. कराड-विटा एसटी कडेगावावरून दीड तास घेते. निदान जमण्यासारखं.

तिसऱ्या दिवशीचं घर मात्र नितीनचं लाडकं होतं. त्याच्या मित्राचे काका सेलमला गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. ह्या दुष्काळी पट्ट्यातली घरंच्या घरं त्यासाठी पार दक्षिणेपासून ओडिशापर्यंत गेली आहेत. काकांचा गावाकडे दुमजली बंगला. भाडं नको, घर उघडं राहिलं म्हणजे झालं, असा निरोप. फक्त सोमवारपर्यंत कळवा. गावाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

विट्याहून वडाप मिळतं, म्हणजे माणसं भरून जाणारी जीप. पाऊण तासात पोचलो. "सेलमवाल्यांकडं? कुणी आलंय व्हय तिकडनं?" ड्रायव्हरने विचारलं. मग त्याने इराकडे बघितलं आणि सुट्टे पैसे मोजायला लागला.

गल्ली बघून मी नितीनच्या पाठीत आनंदाने बुक्की मारली. रुंद काँक्रीटचा रस्ता, दोन्ही बाजूंना सात-सात बंगले, प्रत्येक दारात चपला, तुळशीला नुकतं घातलेलं पाणी, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आणि त्यांत कितीतरी लहान मुलांचे. कुठेतरी रेडिओ लागला होता. इराला खेळायला पोरंच पोरं, असा मी हिशेब केला. भर दुपार असल्यामुळे रस्त्यावर कुणी नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

कुलूप उघडायला पारूआत्या आल्या. साठीच्या, काटक, नऊवारी नेसलेल्या, कमरेला दोरीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या माहेरची मेंढरं होती आणि आता त्या ह्या गल्लीतली घरं सांभाळतात. "मेंढरं सांच्याला मोजाय लागत्यात. ही आपली जाग्याव असत्यात," म्हणाल्या. घरांची नावं मालकांच्या गावावरून. ही सेलमवाल्यांची, समोरची मदुरैवाल्यांची, कोपऱ्यावरची कटकवाल्यांची.

बंगला आतून असा स्वच्छ की चप्पल कुठे काढावी कळेना. घड्याळ बरोबर चालू होतं. मधल्या खोलीत सागवानी पाळणा होता आणि त्यात धुतलेली दुपटी. आत्यांनी आम्हाला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि भाकरी दिली. इराने माडग्याचा एक घोट घेतला आणि झबल्यावर ओकली. तिला पाळण्यात टाकली तर, विश्वास ठेवा, आमची ही रडकी पोर न झुलवता झोपली.

"बाळ आजारी पडलं तर डॉक्टर?" मी विचारलं.

"विट्याला."

"एसटी नसताना?"

"गाडीची नगा काळजी करू. परत्येक बंगल्याखाली एक गाडी हाय."

खरंच होती. प्रत्येक बंगल्याच्या पोटात एकेक गाडी, वर खाकी आच्छादन, चाकांतली हवा गेलेली.

"चालवतं कोण?"

"चालवणारं कुठलं? ती समदी तिकडं. आपुन सेलमला फोन करायचा. ते विट्याला फोन करत्यात, मग तिथनं गाडी येती."

आठ महिन्यांचं पोर तापाने फणफणलंय आणि आपण आधी तमिळनाडूत फोन लावतोय, हे चित्र डोळ्यांपुढे घेऊन मी झबलं धुतलं आणि मागच्या दोरीवर टाकायला गेले. तिथे दोन गुलाबी फ्रॉक होते. जागा करायला एक सरकवला तर तो हाताला कुरडईसारखा कडक लागला. खांद्यावरचा गुलाबी रंग उडून पांढरा पडला होता. चिमट्यांच्या जागी गंजाचे डाग होते.

"हे कुणाचे?"

"सेलमवाल्यांच्या पोरीचं."

"कुठे असते ती?"

"कालेजात. यंदा इंजनेर हुईल."

मी फ्रॉककडे बघत राहिले. तो चार वर्षांच्या मुलीचा होता.

"येरवाळी घालते, सांच्याला काढते," आत्या सहज म्हणाल्या. "दोरीव कपडं दिसलं की चोराला वाटतं घर भरल्यालं हाय. चपला बी फिरवून ठेवते. एक दिस तोंड बाहीर, एक दिस आत. रेडिओ मीच लावते, कटकवाल्यांचा."

नितीनला ही सुरक्षाव्यवस्था फार आवडली आणि तो पोटभर हसला. मीही हसले. मग गच्चीवर जाऊन गल्लीतल्या सगळ्या दोऱ्या एकेक करून बघितल्या. मोजे, दुपटी, शाळेचा एक गणवेश. चौदा घरांत मिळून एक माणूस नव्हता. मला भीती वाटली, हे इथे सरळ कबूल करते.

इरा तीन तास झोपली आणि साडेपाचची शेवटची एसटी गेली. मुक्काम करणं आलं. दिवेलागणीला आम्ही मधल्या खोलीत बसलो होतो, तेव्हा गल्लीच्या टोकाकडून आवाज यायला लागला. आत्या दिवे लावत येत होत्या. प्रत्येक दारात आधी हाक. "हायसा न्हवं?" मग कुणी उत्तर द्यावं इतका वेळ शांत. मग कुलूप, मग दिवा, पुन्हा कुलूप. मग पुढचं दार. "हायसा न्हवं?"

हाक आमच्या दाराशी आली. नितीनचा स्वभाव गमत्या. तो मोठ्याने ओरडला, "आहोत, आहोत! या!"

बाहेर किल्ल्या खाली पडल्या.

मी दार उघडलं. आत्या भिंतीला धरून उभ्या होत्या. आम्ही आत आहोत हे त्यांना माहीत होतं, दुपारी त्यांनीच आम्हाला जेवायला वाढलं होतं. तरी पडलेल्या किल्ल्या त्यांनी उचलल्या नव्हत्या.

"सतरा वर्सं झाली इच्यारतीया," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा बोला की."

नितीनचं हसू गेलं होतं. "आहोत," तो हळू म्हणाला.

"बाळाला बी बोलू द्या."

इराने तेवढ्यात काहीतरी आवाज काढला. आत्यांनी डोळ्यांना पदर लावला, किल्ल्या उचलल्या आणि पुढे गेल्या. मी दारातच उभी होते. पुढच्या बंगल्यापाशी हाक मारून त्या आधीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. त्याच्या पुढच्याही.

सकाळी मागच्या दोरीवर गुलाबी फ्रॉक नव्हते. इराचं झबलं तेवढं मधोमध लावलेलं होतं. "आता त्यांचं काय काम?" आत्या म्हणाल्या. "कवा येतासा? दुपटी आनिक धुऊन ठेवते." मी "कळवते" म्हटलं आणि पिशव्या भरायला लागले. इतक्या घाईने मी आयुष्यात कुठून निघालेली नाही.

जीपमध्ये आमचं भांडण झालं, हलक्या आवाजात, कारण बाकीचे ऐकत होते.

"फुकट घर, स्वच्छ हवा, पोर झोपतेय. आणखी काय पाहिजे तुला?" नितीन म्हणाला.

"माणसं."

"यात्रेला येतात की सगळे."

"चार दिवस. बाकीचे दिवस ह्या पोरीने चौदा घरांच्या वतीने ओ द्यायची का?"

तेवढ्यात जीप विट्याला पोचली. तिथे स्टँडपासून सात मिनिटांवर, पेठेत, एका बांगड्यांच्या दुकानावरची जागा बघितली. दुकान मुजावर चाचींचं. दोनच खोल्या, खिडकीखाली रिक्षा थांबा, न्हाणीघराचं दार लागत नाही. इरा उन्हाने वैतागून भोकाड पसरत होती. चाचींनी न विचारता तिला माझ्याकडून काढून घेतलं आणि एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवलं. "रडू द्या की. गळा मोकळा हुतुय." डॉक्टर समोरच्या माडीवर. आणि अवेळी काही झालं तर? "हाक मारायची. ह्या गल्लीत धा फटफट्या हायत, आनि चालवनारी बी हायत," चाची म्हणाल्या. मी नितीनकडे बघितलं. तो न्हाणीघराच्या दाराला कडी कुठे बसवायची ते बघत होता. तिथेच मी जागेचं नक्की केलं.

पुण्याला येऊन पिशव्या उपसल्यावर कळलं, झबलं राहिलं. नितीनने सेलमला नकार कळवला. पारूआत्यांना कुणी कळवलं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

विट्याला येऊन आता दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात धीर करून आत्यांना फोन लावला. नकाराचं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते झबल्याचं. म्हटलं, वडापवाल्याजवळ देता का, स्टँडवर घेईन.

"द्याचं कशाला? वाळतंय की," आत्या म्हणाल्या.

"अजून?"

"रोज घालते न्हवं. सांच्याला काढते. गावात इच्यारत्यात, सेलमवाल्यांत कुनाचं बारकं पोर आलंय म्हणून."

"मग तुम्ही काय सांगता?"

"इरा म्हणून हाय, सांगते. लय गुणाची, झोपती निवांत."

पलीकडे रेडिओ चालू होता. माझ्या मांडीवर इरा बांगड्यांचा डबा उपडा करून किंचाळत होती. तिला ते झबलं आता बसणारही नाही. मी आत्यांना "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

घर चांगलं निघालं. गोंगाट आहे, न्हाणीघराला कडी बसली, कॉलेज पायी दहा मिनिटांवर आहे आणि गाडीवाचून आमचं काही अडलेलं नाही. फक्त एक सवय लागली आहे. इराचे कपडे दोरीवर टाकले की मी दर थोड्या वेळाने हात लावून बघते. जरा ओलसर असले तरी काढून घरात आणते.