सगळ्यांच्या सोयीची वेळ

तिला सगळे लिंकताई म्हणत. दातांच्या दवाखान्यात पेशंटना अपॉइंटमेंट द्यायचं तिचं काम, पण बाईचा खरा जीव फुकटच्या वेबसाइटवर. फोटोमागची भिंत पुसायची आहे, स्कॅन केलेले कागद एका फाइलीत जोडायचे आहेत, फाइल जड झाली म्हणून अर्ज चढत नाही, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "थांब, लिंक पाठवते." फुकट ते पौष्टिक असं लोक चेष्टेत म्हणतात, लिंकताई मनापासून मानायची. पाठवलेली लिंक उघडली का, हेही ती दुसऱ्या दिवशी विचारायची. तेव्हा मात्र लोक तोंड चुकवून निघून जात.

घरात ती आणि आई. भाऊ आणि त्याची बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला, धाकटी बहीण त्याच्याही पलीकडे. वडील गेल्यापासून आईचं सगळं लिंकताईनंच केलं. हे सांगताना तिचा आवाज जरा चढायचा, तो चढवायचा तिला हक्क होता. आईच्या गोळ्या, पाणी, चालणं, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळं एका फुकटच्या कॅलेंडरवर. वेळ झाली की आईच्या टॅबलेटवर घंटा वाजे. आईनं 'झालं' या शब्दावर बोट ठेवलं नाही, तर घंटा लिंकताईच्या फोनवर, आणि मग लिंकताईचा फोन आईला. "आई, पाणी प्यालीस का?" दवाखान्यात नेहमी येणाऱ्या पेशंटनाही आईच्या पाण्याच्या वेळा पाठ झाल्या होत्या.

भावंडांनाही तिनंच तयार केलं. भाऊ पासवर्ड विसरण्यात पटाईत. "ताई, परत अडकलो गं," म्हणून आठवड्याला फोन. शेवटी वैतागून तिनं सगळ्यांची खाती स्वतःच्याच ईमेलवर उघडून दिली. भावाला तसं सांगितलंही होतं. तो "बरं बरं" म्हणाला, म्हणजे त्यानं ऐकलं नव्हतं.

एका सोमवारी दुपारी, दवाखाना रिकामा असताना तिला ईमेल आला. सगळ्यांना कुठली वेळ जमते ते टिक मारून ठरवायची एक साइट आहे, ती तिनंच घरच्यांना शिकवलेली. भावाच्या खात्यावरून तिथं काहीतरी विचारलं गेलं होतं आणि चारही उत्तरं आली होती. लिंकताईचा वाढदिवस तोंडावर आला होता. लबाडांनी गुपचूप बेत आखलेला दिसतोय, असं वाटून ती गालातल्या गालात हसली. बघू नये, बघू नये म्हणत तिनं उघडलंच.

वर लिहिलं होतं, 'आईला आणायला कधी जायचं?'

खाली तीन वेळा. तिन्ही ती कामावर असतानाच्या. त्याखाली चार नावं: भाऊ, वहिनी, धाकटी आणि आई. गुरुवारी सकाळी अकरा, यावर चौघांची टिक. शेवटी भावाची ओळ: 'ताईला नंतर सांगू. आधी कळलं तर ती आईला हलू देणार नाही.'

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्यांना बोट धरून टिक मारायला शिकवलं, त्यांनी ती पहिली तिच्याच विरुद्ध मारली. आणि आईचं नाव? ते भावानंच घुसडलं असणार. त्या बिचारीला काय माहीत! डोकं दुखतंय असं डॉक्टरांना सांगून ती तडक घरी आली.

आई खिडकीशी विणत बसली होती.

"आई, तुझ्या लेकानं काय चालवलंय माहितेय? तुझ्या नावानं खोटी टिक मारून तुला इथून उचलायचा घाट घातलाय!"

आईनं सुया मांडीवर ठेवल्या. "खोटी नाही ती. मीच मारली."

"कुणी मारायला लावली?"

"कुणी नाही गं. त्या वेळासुद्धा मीच सांगितल्या. तू कधी कामावर असतेस ते मला पाठ आहे."

भावाबद्दलचा राग लिंकताईनं रस्ताभर घोटून आणला होता, तो आता कुणावर काढायचा?

"काय कमी केलं मी तुला?"

"काहीच नाही. तेच तर." आई तिच्याकडे न बघता म्हणाली. "मला तहान लागायच्या आत तू पाणी विचारतेस. तहान कशी लागते तेच विसरले मी. तिकडे सून दिवसभर कामात, माझ्याकडे बघायला तिला फुरसत नाही. मला थोडं दुर्लक्ष हवंय गं."

"मग तोंडानं सांगायचंस! असं चोरून कशाला?"

"सांगितलं की. एकदा सांगितलं तर तू घंटेचा आवाज बदलून दिलास. परत सांगितलं तर पाण्याच्या वेळा पुढेमागे केल्यास."

लिंकताईला दोन्ही वेळा आठवल्या. गोड आवाजाची घंटा शोधायला तिनं अख्खा रविवार घालवला होता.

आता कुणी म्हणेल, आईचं बरोबर होतं. असेल. पण बरोबर असलेल्या माणसानं फसवलं तर कमी लागतं की काय? उलट जास्तच लागतं, भांडायलाही जागा उरत नाही.

शेवटी लिंकताई म्हणाली, "रविवारी जा. मी घरी असेन. बॅग भरून देते, खालपर्यंत सोडायला येते. उजळ माथ्यानं जा ना."

आईनं सुया उचलल्या, टाके मोजल्यासारखे केले आणि परत खाली ठेवल्या.

"नको गं. तू दारात उभी राहिलीस, तर मी जिन्यातून परत येईन. गुरुवारच बरा."

भावाला तिनं काहीही कळवलं नाही. साइटवर खाली 'आपलं नाव जोडा' अशी एक रिकामी चौकट होती, तीही तशीच सोडली. बुधवारी संध्याकाळी तिनं आईचे स्वेटर उन्हातून काढून, घड्या घालून, पलंगावर वरच ठेवले, शोधावे लागू नयेत म्हणून.

गुरुवारी लिंकताई कामावर गेली. नेहमीपेक्षा जरा लवकरच.