मावशीचा मोगरा

भाचीच्या हळदीत कुणीतरी मोगऱ्याचा गजरा पुढं केला आणि मी मान फिरवली. त्या वासानं मला अजून छातीत कळ येते.

आम्ही लोणीहून मंचरच्या दवाखान्यात आलो होतो. वेळेआधी झालेला माझा मुलगा काचेच्या पेटीत होता. मी वाटीत दूध पिळून सिस्टरकडे द्यायचे, तेवढंच माझ्या हातात होतं. आणे गावची माझी मावशी ओल्या फडक्यात मोगरा घेऊन भेटायला आली, तेव्हा मला वाटलं केसांत माळायला आणलाय.

“छातीला बांध, पोरी,” ती म्हणाली. “यानं दूध आटतं.”

“मावशे, पोर जितं हाय अजून.”

“दिसतंय मला. पण मागनं छाती लई ठणकती. माझी दोन गेली, तवा मला कुणी सांगितलं न्हवतं.”

मी फुलं खिडकीबाहेर फेकली आणि तिला चेटकीण म्हणाले. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

पाचवीला, सटवाई पुजायच्या दिवशी, पेटी रिकामी झाली. संध्याकाळपर्यंत माझी चोळी भिजली, छाती दगडासारखी झाली आणि मीच मावशीला हाक मारली.

तिच्या पिशवीत ताजा मोगरा होता.