सवाष्णीच्या विड्यातली तंबाखू

बायको जाऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हा सरकारनं तंबाखू थांबवायला एक आयोग काढायचं ठरवलं. काढायच्या आधी लोकांचं ऐकून घ्यायचं म्हणून मद्रासहून एक अधिकारी तंजावूरजवळच्या ओरत्तनाडला येणार होते. हिच्या गालाचा कॅन्सर ज्या डॉक्टरनं बघितला त्यानंच मला निरोप धाडला, या आणि बोला. मला बोलायचं असं काही नव्हतं. भातगिरणीत बॉयलरपुढे जन्म काढलेला माणूस मी, शाळा तिसरीपर्यंत. पण घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बस बरी, म्हणून गेलो.

त्या दिवसांत सगळंच नवीन नवीन येत होतं. दर दुकानापुढे तंबाखूच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या. तालुका कचेरीतल्या सभेत मात्र सगळं बोलणं सिगारेटीचं. भिंतीवर चित्र लावलं होतं तेही सिगारेटीचंच, वर लाल फुली. बराच वेळ ऐकलं आणि उठलो.

"सार, माझ्या बायकोनं जन्मात विडी तोंडाला लावली नाही. पानातून खायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूनंच दिली तिला."

"ते तुमच्या घरातलं झालं, अय्या. लोकांच्या चालीरीतीत आयोग हात घालणार नाही."

"मग घालणार कशात? बायका काय चौकात उभ्या राहून ओढतात?"

लोक हसले. अधिकारीही हसले. माणूस वाईट नव्हता, वयानं लहान होता. पुढच्या महिन्यात मसुदा वाचून दाखवू, तेव्हा जरूर या, म्हणाले.

मधे अविधवा नवमी आली. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिच्यासाठी पितृपक्षातल्या त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. गेलेलीला जे जे आवडायचं ते सगळं सवाष्णीला द्यायचं, आणि तिनं त्यातलं काही टाकायचं नाही. तिनं टाकलं तर गेलेली उपाशी राहिली असं आमच्यात धरतात. हिची ही पहिलीच नवमी. पापनाशमला दिलेली आमची लेक सवाष्ण म्हणून बसली. माझी थोरली बहीण, अक्का, सगळं मांडत होती. साडी, बांगड्या, वडे, खीर, आणि तबकात विडा. विड्याच्या शेजारी तंबाखूची चिमूट.

"अक्का, ती चिमूट काढ."

"का म्हणून?"

"तिनंच खाल्लं ना हिला."

"हिला आवडायची की नव्हती आवडत?"

"आवडायची."

"मग? एकदा कचेरीत जाऊन आलास, तर आता पितरांना कायदा शिकवतोस? उद्या म्हणशील खिरीनं साखरेचा रोग होतो, खीर उचल."

लेक पाटावरून म्हणाली, "असू द्या, अप्पा. आईसाठी तर आहे. एक दिवस."

मी चिमूट राहू दिली. दवाखाना, मग क्रियाकर्म, मग रिकामं घर. एवढं झाल्यावर अंगात भांडण उरत नाही.

जेवण झाल्यावर लेकीनं विडा उलगडला. पानाची शीर नखानं ओढून काढली, चुना अंगठ्यानं फिरवला. चिमूट तळहातावर मळली, वर हलकी फुंकर मारली आणि डाव्या गालात सारली. डोळे मिटले. पहिल्यांदा खाणाऱ्याला घेरी येते, उचकी लागते, घाम सुटतो. मला लग्नानंतर एकदा झालं होतं तसं, तेव्हा हिनं हसत हसत पाणी दिलं होतं. लेकीला काही झालं नाही. उलट तिचे खांदे सैल पडले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

अक्काला कळलं नाही. लेकीला कळलं. "आई गेल्यावर तिचा पानाचा डबा मागून नेला ना," ती म्हणाली. "आधी नुसता उघडून वास घ्यायचे मी."

तेव्हापासून मला आयोगाचं काही पडलं नव्हतं. लेकीची सुटावी, एवढंच. एक तोंड सडताना बघितलं होतं, दुसरं बघायची ताकद नव्हती. पुढच्या सभेला तिला घेऊन गेलो. एकटा गेलो तर बसमधून पडेन, असं तिला सांगितलं. खरं म्हणजे तिनं ऐकावं म्हणून नेलं.

अधिकाऱ्यांनी मसुदा वाचला. शाळेजवळ दुकान नको, बसमध्ये ओढायचं नाही, जाहिराती नकोत, पाट्या लावायच्या. या वेळी चघळायच्या तंबाखूवर एक ओळ होती, ती माझ्याकडे बघून वाचली. मला बरं वाटायला हवं होतं. तेवढ्यात लेक उठली.

"जे आता खातात, त्यांचं काय करणार?"

"कोण खातं, अम्मा?"

"मी खाते."

मागून कोणीतरी "अडडे!" म्हणालं. पुढच्या दोन बायका मान वळवून तिचं तोंड बघायला लागल्या. तिच्या सासरचं कोणी तिथं असतं, तर संध्याकाळच्या आत पापनाशमला बोभाटा झाला असता.

अधिकाऱ्यांनी कागद खाली ठेवला. "लोकांना लागूच नये म्हणून हा आयोग आहे, अम्मा. ज्यांना लागली आहे त्यांचा... खरं सांगतो, त्यांचा आम्ही विचार केला नाही."

"मग करा," ती म्हणाली आणि बसली. हात पदराखाली घेतले.

आयोग पुढे झाला म्हणतात. पाट्या लागलेल्या मी बघितल्या. सभांना परत गेलो नाही, त्यामुळे तिच्या प्रश्नाचं त्यांनी काय केलं ते ठाऊक नाही.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. आमच्या तंजावूरला उतरलो, तर पापनाशमची बस उभीच होती. ती चढेना.

"अप्पा, आईनं कधी सोडून बघितली होती?"

"बघितली होती. तू पोटात होतीस तेव्हा. भांडी आपटायची, भात करपवायची, कारण नसताना रडायची. माझ्या आईशी बोलणं टाकलं होतं."

"मग?"

"तू झालीस, आणि परत धरली."

तिनं पिशवीचा बंद पिळला. "सासरी मला भांडी आपटता येणार नाहीत. थोडे दिवस तुमच्याकडे राहू?"

"ये की. घरात आवाज करायला आहे कोण आता?"

"अक्कात्या बोलेल."

"अक्का बोलतेच."

कंडक्टरनं शिट्टी मारली. पापनाशमची बस गेली. आम्ही घराच्या वाटेला लागलो. रस्त्याच्या एका अंगाला दुकानं होती, पुड्यांच्या माळा वाऱ्यावर हलत होत्या. त्या अंगानं मी चाललो आणि तिला पलीकडे घेतलं.