चुकीच्या मापाची सायकल

“यांच्या व्याह्यांना म्हातारपणी शर्यतीचं खूळ लागलं आणि त्यापायी त्यांनी लेकीच्या धडधाकट सायकलीचं वाटोळं केलं. बरं, शर्यतीची केली तर केली, निदान स्वतःच्या मापाची तरी करायची!” असे आमच्या बागेतल्या बाकावरचे निवृत्त प्राध्यापक भेटेल त्याला सांगत असतात. या विधानातला एकही शब्द खरा नाही. माझ्या व्याह्यांइतका हिशेबी हेतूने वागणारा माणूस पुण्यात दुसरा नाही, हे मी शपथेवर सांगतो.

व्याही खडकीच्या एका कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले. तपासणी मात्र निवृत्त झाली नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी बोहल्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली आणि पाट समपातळीत येईपर्यंत भटजींना थांबवून धरले. मुलीच्या घरचे पाणी प्यायचे नाही हा जुना नेमही ते पाळतात. आमच्याकडे येताना पाण्याची बाटली सोबत असते, आणि ती गळत नाही ना, हे निघण्यापूर्वी उलटी धरून पाहिलेले असते.

सायकल त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या सुनेची. डोंगरवाटांसाठी बनवलेली, दणकट आणि जडशीळ. कॉलेजात असताना तिने तिच्यावरून साऱ्या टेकड्या पालथ्या घातल्या होत्या. गेल्या वर्षी सून जिन्यात पडली आणि पाय मोडला. हाड जुळले, धीर काही जुळेना. रिक्षाशिवाय ऑफिसला जाईना. एक दिवस म्हणाली, “बाबा, ती सायकल भंगारात देऊन टाका.” व्याही “बरं” म्हणाले आणि घरी जाऊन त्यांनी सायकल खोलली.

पुढचे चाक धरणारा स्प्रिंगांचा फोर्क जाऊन हलका, ताठ फोर्क आला. ट्रॅक्टरला शोभावेत असे टायर जाऊन बारीक खाचांचे सडसडीत टायर आले. आडव्या दांड्याच्या जागी मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल बसले. सुनेच्या ऑफिसचा रस्ता अर्धा डांबरी आणि अर्धा कालव्याकाठचा कच्चा. डांबरावर ती पळावी आणि मातीत घसरू नये, एवढीच त्यांची अट होती. आता माल स्वतः तपासल्याशिवाय द्यायचा नाही, आणि तोही ज्या स्थितीत वापरला जाणार त्याच स्थितीत, हा कारखान्याचा शिरस्ता. म्हणून हे सहाफुटी गृहस्थ गुडघे हनुवटीला लावून, बेडकासारखे, रोज सकाळी कालव्याकाठी दिसू लागले. बाकावर हशा पिकला. मी म्हटले, “अहो व्याही, सीट जरा वर घ्या.”

“सीट बरोबर आहे,” ते म्हणाले. “बसलेला माणूस तात्पुरता आहे.”

एका रविवारी ते त्याच अवतारात आमच्या फाटकाशी थडकले. सून त्यांना पाहून पोट धरून हसली. किती महिन्यांनी हसली. व्याही उतरले, सायकल तिच्यापुढे धरून उभे राहिले. तिचे हसू थांबले. एक हात बराच वेळ फाटकावर होता. मग तो सुटला. ती बसली, टाचा किंचित उचलून जमिनीला पाय टेकले, आणि कालव्याच्या वळणापर्यंत जाऊन दिसेनाशी झाली. सायकलीला लावलेली बाटलीही तिच्याबरोबर गेली. व्याही वळणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “व्याही, घोटभर पाणी मिळेल का?” मी तांब्या आणून दिला.

सून अजून त्याच सायकलीने ऑफिसला जाते. प्राध्यापकांनी त्यांचे पुराण खुशाल चालू ठेवावे. ती सीट तिच्यासाठी एक बोटभरही वरखाली करावी लागली नाही.