बर्फाच्या डोंगरावरची पंच

आयडाहोच्या पूर्व टोकाला पाइन फोर्क नावाचं एक छोटं गाव आहे. एक हॉस्पिटल, दोन पेट्रोल पंप, एक शाळा आणि चारी बाजूंनी डोंगर. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गावावर बर्फाचं राज्य. त्या दिवसांत गावातल्या लोकांना एकच वेड असतं, ते म्हणजे स्नोमोबाईल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, मोटरसायकलसारखं हँडल, आणि अंगठ्याने दाबलं की डोंगराला भिडणारी ती गाडी. तिथे तिला ‘स्लेड’ म्हणतात.

या गावात २००१ च्या डिसेंबरात अहिल्या माने येऊन पडली. पडली असंच म्हणायचं. सांता क्लारामध्ये तिचा नवरा संजय ज्या कंपनीत होता ती कंपनीच बुडाली. व्हिसा टिकवायचा तर महिन्याभरात दुसरी नोकरी हवी होती, आणि ती मिळाली ती इथल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात. इंडियन दुकान नाही, मराठी मंडळ नाही, शेजारी बोलायला कोणी नाही. संजय कामावर आणि नऊ वर्षांची प्रीता शाळेत गेली, की अहिल्या खिडकीतून बर्फ बघत बसायची.

बसून राहायचा तिचा स्वभावच नव्हता. कोल्हापुरात उद्यमनगरला तिच्या वडिलांचं, जगन्नाथरावांचं, गॅरेज होतं. शाळा सुटली की अहिल्या तिथेच. पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. गॅरेजात बुलेटवाले, येझदीवाले आणि राजदूतवाले चहा पिता पिता हमरीतुमरीवर यायचे, आणि ही ऑइलच्या डब्यावर बसून ऐकायची. पण अमेरिकेत ती नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. पगाराचं काम करायची परवानगी नाही.

दुसऱ्या वर्षी दारातला बर्फ उडवायचं मशीन बंद पडलं. अहिल्याने ते स्वयंपाकघरात घेतलं, वर्तमानपत्रं पसरली आणि कार्बुरेटर खोलला. एक पार्ट हवा होता म्हणून ती रॉय टकरच्या वर्कशॉपमध्ये गेली. रॉय साठीचा, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. गावातल्या यच्चयावत स्लेड त्याच्याकडेच दुरुस्तीला यायच्या. तिने काय खोललं आणि काय सापडलं ते सांगितलं, तसा तो हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

“कामावर येतेस?” त्याने विचारलं.

“येता येत नाही. कामाचा व्हिसा नाही.”

“मग क्लबात ये. तिथे कोणालाच पगार नसतो.”

अशी ती स्नोमोबाईल क्लबात शिरली. वेळ नोंदवणं, झेंडे लावणं, नकाशे काढणं, पडेल ते काम करायची. ‘अहिल्या’ कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला ‘आहा’ म्हणायला लागले. रॉयने रविवारपुरती आपली एक जुनी स्लेड तिला चालवायला दिली. पहिल्या दिवशी ती सात वेळा पडली. आठव्यांदा कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातून गाडी वर उसळली, तोंडावर बर्फाचा फवारा आला आणि अहिल्या हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने हसायला लागली. अमेरिकेत आल्यापासून ती अशी हसली नव्हती.

क्लबात चार कंपन्यांच्या चार रंगांचे चार तट होते. डेल लाकूडवखारीतला, त्याच्या घरात तीन पिढ्या लाल पोलॅरिस. लग्नात नवरा-नवरी चर्चमधून घरी गेले तेही पोलॅरिसवर. लॉर्ना शाळेची बस चालवायची. तिची हिरवी आर्क्टिक कॅट, हिरवं जाकीट, आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टासुद्धा हिरवा. वेस घरांची छपरं घालायचा. तो पिवळ्या स्की-डूचा भक्त, जिभेने तिखट. आणि हॉस्पिटलचे डॉक्टर हॉवर्ड निळ्या यामाहावाले. बाकी तिघांची इंजिनं टू-स्ट्रोक, हलकी आणि कर्कश. डॉक्टरांचं फोर-स्ट्रोक, वजनाला भारी पण आवाज मोटारीसारखा गोड. “तुमच्या गाड्या ओरडतात, माझी गाते,” असं डॉक्टर म्हणायचे, आणि मग अर्धा तास कोणी कोणाचं ऐकायचं नाही.

२००८ च्या फेब्रुवारीत हे भांडण हाताबाहेर गेलं. कॉफीच्या दुकानात वेस म्हणाला, लाल गाडी म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी. डेलने कप आपटला. दोघांना धरून वेगळं करावं लागलं. त्या रात्रीच्या बैठकीत रॉय म्हणाला, “एकदा सोक्षमोक्ष लावून टाका. चारही गाड्या एकाच डोंगरावर, एकाच दिवशी.”

“पंच कोण?” लॉर्नाने विचारलं. “इथे प्रत्येकाच्या अंगावर रंग आहे.”

सगळ्यांच्या माना एकदम अहिल्याकडे वळल्या.

“मी पंच होईन,” ती म्हणाली, “पण अट माझी. प्रत्येकाने चारही गाड्या चालवायच्या आणि चारींना गुण द्यायचे. स्वतःची एक चालवून दुसऱ्याच्या तिघींना नावं ठेवायची नाहीत.”

डेलच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्याला कोणी धर्म बदलायला सांगितलाय. पण नाही म्हणणार कोण? चौघांनी माना डोलावल्या.

अहिल्या कामाला लागली. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरते. म्हणून सगळ्या गाड्या त्याच उंचीसाठी लावलेल्या हव्यात. पेट्रोल एकाच पंपावरचं. गाड्या कंपनीतून आल्या तशाच, कुठलाही जोड-बदल नाही. आणि एका गाडीने बर्फ दाबला की दुसरीला आयता रस्ता मिळतो, म्हणून दर फेरी वीस फूट बाजूला, कोऱ्या बर्फात.

“अगं, वेड लागलंय का तुला?” संजय म्हणाला. “ही माणसं स्लेडवरून कोर्टात जातील, आणि तू मधे उभी!”

“अहो, मधे उभं राहायला कोणीतरी लागतंच की.”

“आई, दिस इज सो कूल,” पंधरा वर्षांची प्रीता म्हणाली. “कॅन आय होल्ड द स्टॉपवॉच?”

मार्चचा पहिला शनिवार उजाडला तो निळाशार. रात्रभर दीड फूट नवा बर्फ पडला होता. डोंगराच्या पायथ्याशी सव्वाशे माणसं जमली. कोणती गाडी किती वर चढते ते मोजायला वर सुळक्याखाली अहिल्याने पन्नास-पन्नास फुटांवर केशरी काठ्या रोवल्या होत्या. बाजूला पाइनची दाट झाडी, आणि झाडीपलीकडे एक आडवा उतार. त्या उतारावरून गाडी एका कुशीवर कलती ठेवून आडवी न्यायची, हीच वळवण्याची खरी परीक्षा. जरा तोल गेला की गाडी दरीकडे तोंड करते.

चार इंजिनं सुरू झाली. अहिल्या डोळे मिटून उभी राहिली. लाल ठीक. हिरवी ठीक. निळी गातेय. पिवळीच्या आवाजात मात्र एक पातळ, कोरडा खणखणाट होता. ती सरळ वेसजवळ गेली.

“वेस, पाईप बदललायस.”

“नाही बुवा!”

“बॉनेट उघड.”

वेसने इकडेतिकडे पाहिलं. सव्वाशे माणसं त्याच्याकडेच बघत होती. त्याने बॉनेट उघडलं. आत दुसऱ्याच दुकानातून आणलेला चकचकीत एक्झॉस्ट पाईप होता, जास्त ताकद काढण्यासाठी बसवलेला. डेल शिट्टी मारून हसला. वेसचे कान लाल झाले.

“मूळचा पाईप ट्रकमध्ये आहे,” तो पुटपुटला. “बदलायला दोन तास लागतील. मी बाद.”

“बाद कोणी केलं तुला? पाईप आण,” अहिल्या म्हणाली, आणि तिने हातमोजे काढले.

उणे बारा तापमान. पाईप धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा ओढायला बोटं वळेनात, गरम पाईप लागून मनगट भाजलं, पण ती थांबली नाही. रॉय पाने देत होता, न मागता, योग्य तो. पंचवीस मिनिटांनी तिने बॉनेट मिटलं. इंजिन सुरू केलं. खणखणाट गेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिली टाळी डेलची होती.

पहिली फेरी निघणार एवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी हेल्मेट काढलं, आपल्या निळ्या गाडीकडे एकदा पाहिलं आणि ते हॉस्पिटलकडे निघाले. गाडी होती, पण चौथा चालवणारा नव्हता.

“आहा चालवेल,” लॉर्ना म्हणाली.

“मी पंच आहे.”

“काठ्या मी मोजतो,” रॉय म्हणाला. “तू चालव. तुला कुठलाच रंग नाही, तुझ्याएवढा निःपक्षपाती चौथा कुठून आणू?”

अहिल्याने प्रीताकडे पाहिलं. स्टॉपवॉच छातीशी धरून ती जागच्या जागी उड्या मारत होती. “गो, आई, गो!”

आधी निळी. मोकळ्या मैदानात ती अशी सुटली की अहिल्याचे हात खांद्यातून ताणले गेले. झाडीत मात्र तिला वळवायला सगळं अंग लावावं लागलं. मग लाल. शहाणी गाडी, जे सांगाल ते मुकाट्याने ऐकते, एकदाही दचकवत नाही. मग पिवळी. हँडल नुसतं मनात वळवलं तरी वळते, दोन झाडांच्या मधून सुई-दोऱ्यासारखी जाते. अहिल्याला वाटलं, झालं, हीच.

मग हिरवी. आडव्या उतारावर अहिल्या एका पायावर उभी राहिली, वरच्या बाजूला झुकली, आणि गाडी कुशीवर कलली ती कललेलीच राहिली. खाली सहाशे फूट पांढरी दरी, वर आकाश, मधे बर्फावर एक बारीक रेघ ओढत ती चालली होती. घाबरायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. उताराच्या टोकाला पोचल्यावर तिने गाडी सरळ वर वळवली आणि अंगठा पूर्ण दाबला. सहावी काठी, आठवी, दहावी. बर्फाची लाट छातीवर फुटत होती. तेरावी काठी ओलांडून गाडी थकली, तशी तिने अलगद वळवून खाली आणली.

खाली एकच कल्ला. तेराच्या वर आतापर्यंत कोणी गेलं नव्हतं.

“हे चालणार नाही!” वेस ओरडला. “ती पन्नास किलोची आहे! मी शंभरचा!”

“बरोबर बोलतोय तो,” अहिल्या धापा टाकत म्हणाली. “माझा आकडा माझ्याच आकड्यांशी ताडायचा. तुमच्यात मिसळायचा नाही.”

वेसने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. पंच त्याच्या बाजूने बोलेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुपारपर्यंत सोळा फेऱ्या झाल्या. डेल आयुष्यात पहिल्यांदा पिवळ्या गाडीवर बसला आणि खाली आला तेव्हा दाढीतला बर्फ पुसत नुसताच “हं” म्हणाला. लॉर्ना निळ्या गाडीवरून उतरायलाच तयार नव्हती. वेस लाल गाडीवर तीनदा झाडीत जाऊन आला. त्यातल्या दोन फेऱ्या नियमात नव्हत्या, नुसत्या हौसेच्या.

रॉयने बाकावर उभं राहून निकाल वाचला. त्या दिवशी, त्या बर्फात, झाडीत वळायला पिवळी पहिली. आडव्या उतारावर हिरवी. मोकळ्यावर निळी. चढणीला लाल आणि हिरवी यांच्यात एका काठीचासुद्धा फरक नाही. आणि दिवसभरात सगळ्यांत कमी वेळा चालवणाऱ्याला बर्फात लोळवलं ते लाल गाडीने.

“आता शेवटचा प्रश्न,” रॉय म्हणाला. “आहाने चिठ्ठ्या लिहून घेतल्यात. उद्या यातली एकच गाडी घरी न्यायची, तर कुठली?”

त्याने चिठ्ठ्या उघडल्या. डेल: लाल. लॉर्ना: हिरवी. वेस: पिवळी. गुण देताना तिघांनीही दुसऱ्याच्या गाडीला भरभरून दिले होते, आणि घरी न्यायची वेळ आली तेव्हा आपलीच नेली होती. हशा असा उसळला की झाडांवरचा बर्फ खाली आला. डेल आणि वेस एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. तेवढ्यात हॉस्पिटलमधून डॉक्टरांचा निरोप आला: मुलगी झाली, आई-बाळ ठीक, आणि माझं मत निळीला.

अहिल्याची चिठ्ठी कोरी होती.

माणसं पांगल्यावर रॉय तिच्याजवळ आला. तिच्या भाजलेल्या मनगटाला तो मलम लावत होता.

“तुला काम करायचं कार्ड मिळालं म्हणे?”

“नोव्हेंबरातच. घरात सगळ्यांचे ग्रीन कार्डाचे अर्ज भरले, त्याबरोबर आलं.”

“मग चार महिने काय करतेयस?”

चाळिशी उलटलेल्या बाईला, वीस वर्षांपूर्वीच्या डिप्लोमावर, कोण घेणार असं तिने मनाशी धरलं होतं.

“सोमवारी सात वाजता,” रॉय म्हणाला. “उशीर केलास तर तुझं वर्कशॉपमधलं स्टूल मी वेसला देईन.”

सोमवारी ती पावणेसातला हजर होती. उन्हाळ्यात बोटींची आणि शेतातल्या चारचाकी बाइकची कामं आली, ती तिने तेवढ्याच हौसेने केली. सप्टेंबरात वर्कशॉपच्या मागे एक दोन वर्षं वापरलेली आर्क्टिक कॅट विकायला आली. अहिल्याने तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. संध्याकाळी संजय ट्रक घेऊन आला तेव्हा गाडी दोरांनी बांधून तयार होती.

“तू तर पंच होतीस ना?” त्याने विचारलं.

“होते.”

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. कॉफीच्या दुकानात वेस नेहमीप्रमाणे म्हणाला की वळण्यात पिवळीचा हात कोणी धरणार नाही. लॉर्ना तोंड उघडणार त्याआधीच अहिल्या खुर्चीवरून उठली.

“झाडीत कबूल. पण आडव्या उतारावर? मी स्वतः गेलेय त्या रेघेवरून, मला सांगू नकोस! हिरवीसारखी गाडी नाही या डोंगरात!”

डेल टेबलावर मूठ आपटून हसायला लागला. “गेली! आपली पंच गेली!” लॉर्नाने अहिल्याला मिठी मारली. अहिल्याचे गाल तापले होते, पण तिने शब्द मागे घेतला नाही. उलट खुर्ची पुढे ओढून ती वेसला समजावायला बसली, हाताने टेबलावर उतार काढून दाखवत.

पुढच्या मार्चसाठी क्लबाने फळ्यावर नोटीस लावली. पंच हवा आहे. अट एकच, उमेदवाराने अजून कुठल्याही गाडीच्या प्रेमात पडलेलं नसावं. डिसेंबर संपेपर्यंत एकही नाव आलं नव्हतं.