केदार्से म्हणजे राहणं

दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडी घ्यायची कुंदाताईंना भीती वाटत असे. त्यांचं कामच दुभाषाचं, म्हणून मला आधी याचं हसू यायचं. रोगी काही बोलला की त्या लगेच भाषांतर करत नसत. पदराला हात पुसत, त्याला पुन्हा विचारत, कधी तिसऱ्यांदाही. डॉक्टर खोळंबलेल्या असत, बाहेर रांग असे. "थांबू द्या," त्या मला म्हणत, "चुकलेलं औषध ओकून टाकता येतं, चुकलेला शब्द नाही."

पांढरकवड्याच्या एका जुन्या नोकरदार घरातल्या त्या. पुण्यात स्पॅनिश शिकल्या, तिथंच एका कंपनीत पंचवीस वर्षं भाषांतर केलं आणि आईच्या दुखण्यात गावी आल्या त्या कायमच्या. झरी जामणीकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यात तेव्हा पिलार नावाची स्पेनची डॉक्टरीण दरवर्षी चार महिने येई. तिला मराठी येत नव्हतं आणि इंग्रजी जेमतेम. कुंदाताई सकाळच्या एसटीनं येऊन तिच्या शेजारी बसत. मी तिथला कंपाउंडर, छत्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. दुपारी रांग ओसरली की मी त्यांच्याकडून हौसेनं स्पॅनिश शिकायचो.

"आपलं 'आहे' एकच, दिनकर," त्या सांगत. "त्यांचे दोन. मुळातच तसा असेल तर सेर, आत्ता तसा असेल तर एस्तार." 'होणं' तर त्यांच्याकडे किती तरी प्रकारचं. रागानं लाल झाला तर एक क्रियापद, शिकून डॉक्टर झाला तर दुसरं, डोकं फिरलं तर तिसरं. आणि काही गमावून माणूस मागे उरला, आंधळा झाला, विधवा झाली, तर केदार्से. "केदार्से म्हणजे राहणं," असं त्यांनी सांगितलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी औषधाला जुमानत नव्हती, म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करून फवारत. कपाशी डोक्यावर गेलेली, पाठीवर पंप, तोंडाला साधं फडकंही नाही. पोळा झाला की रोज कुणी ना कुणी येई, डोळे चुरचुरतात म्हणून, मळमळतं म्हणून. चालत आलेला माणूस संध्याकाळी जीपमधून यवतमाळला न्यावा लागे. त्या दिवसांत दवाखान्याच्या फाटकाशी बैलगाडी थांबली की मी आधी इंजेक्शनच्या कुप्या मोजून घेई.

अशाच एका सकाळी एसटी वाटेत बंद पडली आणि कुंदाताई वेळेवर आल्या नाहीत. पिलार एका साप चावलेल्या मुलीपाशी होती. तांड्यावरची शेवंताबाई नवऱ्याला, हिरामणला, हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, "माया माणूस आंधळा होऊन राह्यला."

आज ताई नाहीत, आज मीच दुभाषा, याचा मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. राह्यला म्हणजे केदार्से. मी दारातूनच पिलारला ऐटीत सांगितलं, "से केदो सिएगो." तिनं मान न वळवता हातानं खूण केली, बसू दे, नंतर बघते. मी हिरामणला व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर बसवलं. फवारणीचे किती रोगी मी पाहिले होते. पण त्या दिवशी मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्या वाक्याकडेच पाहत राहिलो.

पाऊण तासानं कुंदाताई आल्या. त्या बाकाजवळ थबकल्या. हिरामणच्या तोंडातून लाळ गळत होती, सदरा घामानं चिंब झाला होता. त्यांनी शेवंताबाईला विचारलं, तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं. कुंदाताईंनी विचारलं, "झाला, का होऊन राह्यला?" ती म्हणाली, "होऊन राह्यला नं बाई. सकाळी फवारून आला तवा दिसत होतं."

एवढ्या वर्षांत कुंदाताईंना धावताना मी तेव्हाच पाहिलं. मी डॉक्टरांना सांगितलं होतं की हा माणूस आंधळा झाला, म्हणजे झालं ते होऊन गेलं. त्याच्या बायकोनं सांगितलं होतं की त्याचे डोळे आत्ता, तिच्या देखत जात आहेत. आमच्या बोलीतलं 'राह्यला' चालू असतं, स्पॅनिशमधलं राहणं सगळं संपल्यावरचं असतं.

हिरामणच्या बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. पिलार एकामागून एक इंजेक्शनं देत होती आणि मी कुप्या फोडून देत होतो. दोन कुप्या माझ्या हातून खाली पडल्या. त्याचा श्वास घरघरत होता, मध्येच थांबत होता. शेवंताबाई रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

दुपारी त्याला जीपमध्ये घातल्यावर पिलारनं विचारलं, आंधळा झाला असं कोण म्हणालं? मी तोंड उघडायच्या आत कुंदाताईंनी सांगितलं की चूक त्यांची, त्यांनीच अर्धवट शिकवलं. पिलार त्यांना खूप बोलली. नंतर नळाशी कुंदाताई कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. "मला आयुष्यभर याचीच भीती होती," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, आणि मलाही काढू दिला नाही.

हिरामण वाचला. चौथ्या दिवशी त्याला नीट दिसू लागलं.

दोन वर्षांनी कुंदाताई वारल्या. मला राहवेना. एका रविवारी मी तांड्यावर गेलो आणि शेवंताबाईला सगळं सांगून टाकलं, की चूक त्यांची नव्हती, माझी होती. ती ज्वारी पाखडत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "बाईनं तवाच सांगतलं. म्हणे, हा माणूस वाईट नाही, आज चुकला. याच्या हातचं औषध सोडू नोको, नाही तं हा उद्यापासून भेवानंच चुकत जाईन." तिनं सूप खाली ठेवलं. "दोन वर्सं झाले, लेकरायचं औषध मी तुमच्याच हातून नेतो. पहिल्यांदा लय भेव वाटलं होतं, भाऊ. तरी नेलं."